नावाची ओळ

आधीच सांगतो. ही गोष्ट खरी आहे.

खाली कमेंटमध्ये येऊन ‘फेक, फेक’ म्हणून ओरडणाऱ्यांनी इथूनच मागं फिरावं. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती अनुजा कांबळे माझी चुलत बहीण आहे. गेल्या फेब्रुवारीत, कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात हे झालं.

आणि रात्री नाही. अमावास्या नव्हती, पिंपळ नव्हता, स्मशान नव्हतं. भर दुपारी झालं.

आमच्या घरात भुताखेतांवर कुणाचा विश्वास नाही. अनुजाच्या वडिलांसमोर, म्हणजे आमच्या आकारामकाकांसमोर, कुणी भुताचं नाव काढलं तर ते पायातलं हातात घ्यायचे. अनुजाही त्याच वळणाची. घाबरणाऱ्या पोरींची टिंगल करणारी. म्हणूनच आता ती या विषयावर बोलताना मधेच गप्प होते, तेव्हा मला जास्त भीती वाटते.

तर दुकान असं.

पुढं काउंटर, काउंटरवर अनुजाचा कॉम्प्युटर. मागं काचेच्या भिंतीपलीकडं छपाईचं मोठं मशीन आणि त्याला जोडलेला दुसरा कॉम्प्युटर. पुढं डिझाइन करायचं, मागं छापायचं. पूर्वी पेन ड्राइव्ह घेऊन आत-बाहेर पळावं लागायचं. मग मालकांनी, विजयसिंहदादांनी, अशी सोय करून घेतली की इकडं कॉपी केलं की तिकडं पेस्ट करता यायचं. मजकूर असो, फोटो असो, अख्खी फाइल असो. इकडं दोन बोटं दाबायची, तिकडं दोन बोटं दाबायची. काम झालं.

एक मात्र लक्षात ठेवा. कॉपी केलेली वस्तू एकच राहते. दुसरं काही कॉपी केलं की आधीचं पुसलं जातं.

हे पुढं लागणार आहे.

शिवजयंतीचा आठवडा होता. या दिवसांत कोल्हापुरातल्या फ्लेक्सवाल्याला डोकं खाजवायला सवड नसते. प्रत्येक तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, बॅनर, आणि बॅनरखाली शुभेच्छुकांची रांग. रांगेत आपलं तोंड शेजारच्यापेक्षा बारीक आलं तर लोक दुकानात येऊन भांडतात. अनुजानं सकाळपासून अशी शेकड्यानं तोंडं कापून चिकटवली होती.

एका तालमीचा बॅनर झाला. तिनं फाइल कॉपी केली आणि आत हाक मारली, "मामा, घ्या."

मशीनवर गुंडूमामा असायचे. वयानं मोठे, आवाज त्याहून मोठा.

आणि ती पुढच्या बॅनरला लागली.

मग…

"अनुजाऽ, हे काय पाठवलीस?"

"शिवजयंतीचा बॅनर की!"

"ये बघायला. ह्यो बॅनर हाय व्हय?"

अनुजा आत गेली. पडद्यावर बॅनर नव्हता.

काळी चौकट होती. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. डाव्या कोपऱ्यात समई. आणि मधोमध एका तरण्याताठ्या माणसाचा फोटो.

तो अमरसिंह होता. त्याच तालमीचा कार्यकर्ता. सकाळीच त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता आणि अनुजानं तो सगळ्यात शेवटी कॉपी करून शुभेच्छुकांच्या रांगेत बसवला होता.

"जित्या माणसाचं असलं करत्यात व्हय गं?" गुंडूमामा चिडले.

"मी न्हाई केलो, मामा. शप्पत."

मग मामांची नजर त्या समईवर गेली. समईला पाच वाती असतात. या समईची एकच वात पेटलेली होती.

"ही सयाजीची समई हाय. एकच वात पेटवायचा त्यो," मामा हळूच म्हणाले.

आता हा सयाजी कोण, ते सांगायला पाहिजे.

सयाजी म्हणजे दुकानातला आधीचा डिझायनर. हाताला कला होती, पण जिभेला नुसतं विष. गिऱ्हाइकाचा राग आला की त्याचा फोटो श्रद्धांजलीच्या चौकटीत टाकायचा, मामांना बोलावून दाखवायचा, पोट धरून हसायचा आणि पुसून टाकायचा. असला विनोद.

अनुजाची आई वारली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीच्या, फ्लेक्ससाठी ती पहिल्यांदा या दुकानात आली. सयाजीनं काकूंच्या नावाआधी ‘कै.’ लिहिलं. कैलासवासी. आमच्या बौद्ध घरांत तसं लिहीत नाहीत, ‘कालकथित’ लिहितात. कोल्हापुरातल्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याला हे माहीत असतं. सयाजीलाही होतं. अनुजानं नीट सांगितलं, तर म्हणाला, "मेलं ते मेलं. कै. काय आन् कालकथित काय!"

अनुजा रडून रडून अर्धी झालेली. तरी भडकली. भरल्या दुकानात म्हणाली, "लिहाय येत नसंल तर उठा. मी लिहितो."

आणि खरंच त्याला उठवलं. त्याच्या खुर्चीत बसून आईच्या नावाआधी स्वतः ‘कालकथित’ टाइप केलं. विजयसिंहदादांनी तिचा हात बघितला आणि पुढं तिला कामावरच घेतलं.

सयाजी हे कधीच विसरला नाही. त्या दिवशी खुर्चीतून उठताना तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला होता, "पुढच्या खेपंला बरोबर लिहीन. तुझ्या घरातलं पुढचं येऊ दे."

या फेब्रुवारीच्या आधीच्या पावसाळ्यात सयाजी मेला. दुकानातच. दुपारी जेवून कॉम्प्युटरसमोर बसला तो बसलाच. मामांनी हलवलं तेव्हा अंग गार पडलं होतं. बोटं कीबोर्डवर होती. कंट्रोल आणि सी, कॉपीची बटणं, दोन्ही घट्ट दाबलेली. मामांनी एकेक बोट सोडवलं.

"काय कॉपी केलतं कुणास ठाऊक," मामा नेहमी म्हणायचे. "पेस्ट करायचं ऱ्हायलं बिचाऱ्याचं."

तर ती समई बघून मामा मागं सरकले. मग अनुजालाच हसू आलं. जुनी फाइल कुठंतरी पडली असेल, काहीतरी गफलत होऊन तीच आली असेल, असं तिनं मामांना सांगितलं आणि फाइल पुसली. बॅनर पुन्हा कॉपी केला. या वेळी बरोबर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीची पोरं आली. शिवजयंतीच्या आदल्या दिवशी पोरं येतात ती आरडाओरडा करत येतात. ही गप्प होती. एकाचे डोळे सुजले होते.

"ताई, एक अर्जंट करायचं हाय. श्रद्धांजलीचा."

"कुणाचा?"

"अमऱ्याचा. काल सांजच्याला गाडीवरनं पडला. जागेवरच…"



"फोटो?" तिनं कसंबसं विचारलं.

"तुमच्याकडं हायच की. कालचाच घ्या."

त्या दिवशी दुपारी तिनं ती जोडणीची खिडकी उघडली. कुठले कॉम्प्युटर एकमेकांशी जोडलेत, ते तिथं दिसायचं. दोन नावं असायला हवीत. पहिलं काउंटर. दुसरं मशीन.

खाली तिसरं नाव होतं.

सयाजी.

नावापुढं हिरवा ठिपका. म्हणजे चालू.

ती तडक विजयसिंहदादांकडं गेली. "दादा, सयाजीचा कॉम्प्युटर कुठं हाय?"

"माळ्यावर. का गं?"

"चालू हाय."

दादा हसले. शिडी लावली, तिला वर चढायला सांगितलं. माळ्यावर जुन्या फ्लेक्सच्या तुकड्यात गुंडाळलेला डबा होता. वायर नव्हती. दादांनी खालूनच सांगितलं, "खोलून बघ. आतलं समदं काढून इकलंय मी. नुसता पत्रा हाय."

खोलून बघितलं. आत काहीच नव्हतं.

खाली येऊन पडद्याकडं बघितलं… हिरवा ठिपका तसाच होता.

आता कुणीही म्हणेल, मग ती सोय लगेच बंद का केली नाही? शिवजयंती दुसऱ्या दिवशी. बॅनर ढिगानं पडलेले. दादा म्हणाले, उद्याचा दिवस जाऊ दे. मालक लोकांचं काम असंच. आणि अनुजालाही वाटत होतं, योगायोग असेल. असं वाटून घ्यायला माणूस किती धडपडतो ते अशा वेळी कळतं.

संध्याकाळच्या आत दुसरं झालं.

दुकानात चहा द्यायला बाळाबाई यायच्या. समोरच्या गल्लीत त्यांची टपरी. त्यांना बचत गटाच्या कार्डासाठी फोटो पाहिजे होता. अनुजानं मोबाइलवर काढला, कॉम्प्युटरवर घेतला, मागची भिंत कापून टाकली आणि हाताच्या सवयीनं कॉपी केला.

कॉपी केल्यावर तिला कळलं, आपण काय केलं.

ती आत धावली. मामांनी काहीही दाबलं नव्हतं. ते कोपऱ्यात शाईची बाटली बदलत होते. पडद्यावर फाइल आपोआप उघडली होती. काळी चौकट, एका वातीची समई, आणि चौकटीत बाळाबाई. तोंडभर हसणाऱ्या.

बाहेर त्याच बाळाबाई ओरडत होत्या, "अगं अनुजा, च्या गार व्हायलाय न्हवं!"

अनुजानं फाइल पुसली. पुन्हा आली. पुन्हा पुसली. पुन्हा आली. ती रडकुंडीला आली, पुढं पळाली आणि समोर जे दिसलं ते कॉपी केलं. एका तालमीचं बोधचिन्ह होतं, गदा असलेलं.

आतून मामा ओरडले, "अगं, म्हातारी गेली! तिच्या जागी गदा आली!"

तेव्हा तिला कळलं. चौकटीत शेवटचं कॉपी केलेलंच राहतं. अमरसिंहच्या वेळी तिनं आधी चौकटच पुसली होती, म्हणून नंतरचा बॅनर त्याच्या जागी बसला नाही. गदा आली आणि बाळाबाई सुटल्या. त्या आजही टपरीवर आहेत. तिथला चहा मी स्वतः प्यालो आहे.

रात्र व्हायच्या आत दादांनी माणूस बोलावून ती सोय काढून टाकली. दोन्ही कॉम्प्युटरांमधली वायर उपटली. माळ्यावरचा पत्रा भंगारात दिला. आता पेन ड्राइव्ह घेऊन पळायचं. कुणी तक्रार केली नाही.

त्यानंतर काही झालं नाही. महिना संपत आला. अनुजा पुन्हा मामांची टिंगल करायला लागली. मन किती लवकर निर्धास्त होतं.

दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता. आकारामकाका गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून निवृत्त झाले आहेत. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, माणूस जिवंत आहे म्हणून दरवर्षी देतात तो. बँकेनं सोबत नवा फोटो मागितला होता. काका बँकेत जाऊन बसले आणि अनुजा दुकानाची किल्ली घेऊन फोटो छापायला आली. दुकानात कुणी नव्हतं. शटर तिनं अर्धंच वर केलं. बाहेर ऊन रखरखत होतं.

काकांचा फोटो मोबाइलवरून घेतला. मागची भिंत कापली. कॉपी केला, फोटोच्या कागदावर पेस्ट करायला.

आणि…

आत मशीन चालू झालं.

खर्रर्र… टक्. खर्रर्र… टक्.

फ्लेक्सचं मशीन चालू करायला आधी मामांना बराच खटाटोप करावा लागतो. हे आपोआप चालू झालं होतं. काचेतून तिला दिसत होतं. छपाईचं डोकं डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरत होतं आणि खालून पांढरा फ्लेक्स हळूहळू बाहेर सरकत होता. आधी काळी पट्टी आली. मग अक्षरं. भावपूर्ण श्रद्धांजली.

तिनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. दिवा गेला. तिचा कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर राहिला आणि बॅटरी ओरडायला लागली. टीं… टीं…

मशीन थांबलं नाही.

खर्रर्र… टक्.

आता केस आले. पांढरे, मागं फिरवलेले. तिनंच सकाळी आप्पांना, म्हणजे काकांना, तेल लावून भांग पाडून दिला होता.

काउंटरवरच्या पडद्यावर चौकट उघडली होती. वायर नव्हती, सोय काढलेली होती, तरी उघडली होती. चौकटीत आप्पांचा पूर्ण फोटो. त्याच्याखाली नावाची जागा. तिथं एक शब्द आपोआप उमटला. एकेक अक्षर, सावकाश, कुणीतरी मुद्दाम तिला दाखवून टाइप केल्यासारखं.

का… ल… क… थि… त.

या वेळी त्यानं बरोबर लिहिलं होतं.

आई गेल्यापासून अनुजाला बापाशिवाय कोण होतं? सकाळी तिला उठवणारे तेच, रात्री ती येईपर्यंत न जेवता थांबणारे तेच. तिनं शिव्या घातल्या. सयाजीच्या नावानं, मोठमोठ्यानं, रिकाम्या दुकानात. मशीनच्या आवाजात त्या विरून गेल्या.

मग तिला गदा आठवली.

तिनं ते बोधचिन्ह शोधलं, कॉपी केलं. चौकटीत गदा आली… क्षणभर थांबली… आणि पुसली गेली. आप्पा परत आले. तिनं फूल कॉपी केलं. परत आप्पा. झेंडा, कलश, घोडा. परत आप्पा.

गदेनं त्याला एकदा फसवलं होतं. आता त्याला माणूसच पाहिजे होता.

खर्रर्र… टक्. आप्पांचं कपाळ आलं. बॅटरी ओरडत होती. टीं… टीं…

पडद्यावर सगळ्यात वर एक फाइल होती. कुणाच्या तरी बाळाचा पहिला वाढदिवस. चि. राजवीर. डोक्यावर कागदी मुकुट, तोंडाला केक लागलेला. माउस त्याच्यावरच होता. दोन बोटं दाबायचा अवकाश.

अनुजा मला म्हणाली, "तुला खोटं सांगत न्हाई. एक बोट मी दाबलंतं."

दुसरं दाबलं नाही. हात मागं घेतला आणि स्वतःच्याच हातावर मारला.

मग तिनं सयाजीचाच फोटो काढला. त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स याच दुकानात झाला होता. घे मेल्या, तुझा तूच घे. कॉपी.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. ‘या नावाची फाइल इथे आधीच आहे.’

आप्पा परत आले. खर्रर्र… टक्. भुवया. डोळे. काचेपलीकडून आप्पांचे डोळे तिच्याकडं बघायला लागले.

आता तिच्याकडं एकच फोटो उरला होता, दुसऱ्या कुणाचा जीव न घेणारा. तिच्या ओळखपत्राचा. तिनं एवढाही विचार केला नाही, जेवढा मी हे लिहायला करतो आहे. तिनं तो निवडला आणि दोन्ही बोटं दाबली.

चौकटीत अनुजा आली.

आणि टिकली.

खर्रर्र… टक्. मशीननं डोळ्यांच्या खाली छापायला सुरुवात केली. नाक आलं. तिचं. ओठ आले. तिचे. हनुवटी, ओढणीचा काठ. मग खालची मोकळी जागा. आता फक्त नावाची ओळ राहिली होती. डोकं डावीकडं जाऊन उभं राहिलं…

टीं.

बॅटरी संपली. पडदा काळा झाला. मशीन त्याच क्षणी थांबलं.

दुकानात कसलाच आवाज राहिला नाही. रस्त्यावरचाही नाही, असं ती सांगते. तिनं आप्पांना फोन लावला.

"आप्पा, कुठं हायसा?"

"बँकेत की. फोटो कुठाय? सायेब जेवाय जाईल आता."

तिचं नुसतं रडणं ऐकून काका तसेच उठले आणि दुकानात आले. शटरखालून वाकून आत शिरले. अनुजा काउंटरखाली गुडघ्यात डोकं घालून बसली होती. काकांनी तिला उठवलं, पाणी पाजलं. कुणी त्रास दिला का, विचारलं. मग त्यांची नजर काचेकडं गेली.

मशीनला तो फ्लेक्स लटकत होता. वर बापाचं कपाळ आणि डोळे, खाली पोरीचं नाक, तोंड, हनुवटी.

अनुजा बापाच्या तोंडवळ्यावर गेली आहे, हे आमच्यात लहानपणापासून सगळे म्हणतात. पण इतकी, हे त्या दिवशी कळलं. जोड कुठं आहे, ते दिसतच नव्हतं. एकाच माणसाचा चेहरा वाटत होता.

काका बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ह्यो फोटो कुणाचा गं?" ते म्हणाले. "माझा का तुझा?"



भुताचं नाव काढलं की पायातलं हातात घेणारे माझे काका. त्यांनी स्वतः तो फ्लेक्स कापून काढला, घरी आणला आणि मागच्या परड्यात रॉकेल ओतून जाळला. फ्लेक्स पटकन जळत नाही, नुसता वितळतो. डोळ्यांचा भाग शेवटपर्यंत राहिला होता. त्या दिवशी दाखलाही द्यायचा राहिला, नंतर दिला.

अनुजानं काम सोडलं. विजयसिंहदादांनी दुसऱ्या कुणाची वाट न बघता सगळं विकून टाकलं. मशीन त्याच्या कॉम्प्युटरसकट कुरुंदवाडच्या एका माणसानं नेलं. त्याला काही सांगितलं का, असं मी दादांना विचारलं. त्यांनी विषय बदलला.

हे सगळं इथं संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. माणसं सावरतात. अनुजा घरी शिवणकाम करायला लागली होती, काका सकाळी फिरायला जात होते.

मागच्या आठवड्यात तिला फोन आला. दुपारी. अनोळखी नंबर. मी तिथंच बसलो होतो, फोन तिनं स्पीकरवर ठेवला होता, कारण हातात कापड होतं.

"ताई, मी कुरुंदवाडहून बोलतोय. तुमचा नंबर विजयसिंहदादांनी दिला. त्या मशीनवर डिझाइन तुम्हीच करत होता न्हवं?"

"व्हय."

"एक विचारायचं हुतं. मशीन चालू केलं की आधी एक जुनं काम येतंय बघा. अर्धवट ऱ्हायलेलं. रोज येतंय. पुसलं तरी परत येतंय. मी अजून छापलं न्हाई, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

अनुजानं कापड खाली ठेवलं.

"काय… काय हाय त्यात?"

"काय न्हाई ओ. फोटो न्हाई, काय न्हाई. नुसती एक ओळ हाय. आधी कालकथित, आन् म्होरं नाव हाय. वाचून दाखवू काय?"

बाहेरच्या खोलीत काका खोकले.

अनुजानं फोन कापला.

परत त्याचा फोन आला, तिनं उचलला नाही. मग तिनं मोबाइलच बंद करून ठेवला. तेव्हापासून ती काकांना नजरेआड होऊ देत नाही, आणि काका तिला. जेवताना दोघांचंही लक्ष दुसऱ्याच्या ताटाकडं असतं.

त्या माणसाचा नंबर मी उतरवून घेतला होता. नाव काकांचं की अनुजाचं, ते विचारून घ्यायला एक फोन पुरेल. छापू नका, हेही सांगता येईल.

रोज हातात मोबाइल घेतो. अजून लावलेला नाही.